कामाची आणि आडवाटेची गाडी कशी निवडावी

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी पाहायला गेलं की नजर आधी उंचीवर, टायरवर आणि बंपरवर जाते. पण ज्याला रोज माल वाहायचा आहे, अधूनमधून चिखलातून जायचं आहे आणि संध्याकाळी धड परत यायचं आहे, त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचा आकडा वेगळाच असतो. तो म्हणजे माणसं आणि मालासकट भरलेल्या गाडीचं कमाल वजन. बहुतेक गाड्यांवर तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या छोट्या पट्टीवर छापलेला असतो. इंजिनाची ताकद, कोन, लॉक, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) हे सगळं त्यानंतर येतं.

पायरी १: आधी काम लिहून काढा

गाडी पाहायला जाण्याआधी वही घ्या आणि वर्षभरात काय काय वाहावं लागतं ते लिहा. माल किती किलोचा, सोबत माणसं किती, एका फेरीचं अंतर किती, त्यातलं डांबरी किती आणि कच्चं किती. ‘कच्चा रस्ता’ एवढंच लिहून थांबू नका. खडी, मुरूम, चिकणमाती, मोकळी वाळू आणि ओढ्यातले गोटे यांना लागणारी गाडी एकच नसते.

मग दोन ओळींखाली रेघ मारा. पहिली, वर्षातला सगळ्यात जड माल. दुसरी, टाळताच येणार नाही असा सगळ्यात वाईट टप्पा. गाडी या दोन ओळींवरून ठरवायची. कधीतरी जाऊ म्हणून मनात ठेवलेल्या डोंगरवाटेवरून ती ठरवू नये, कारण त्या एका सहलीसाठी घेतलेला जाडजूड सरंजाम उरलेलं वर्षभर इंधन खातो आणि मालाची जागा अडवतो.

कामावरून गाडी घडवण्याचं सुरेख उदाहरण म्हणजे जर्मनीतला युनिमॉग. दुसऱ्या महायुद्धानंतर तो शेतीसाठी तयार झाला, तेव्हा त्याच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १,२७० मिलिमीटर ठेवलं होतं. बटाट्याच्या दोन ओळींची रुंदी तेवढीच असे. आपल्याला गाडी घडवायची नाही, निवडायची आहे, पण पद्धत तीच.

पायरी २: वजनाचा हिशेब स्वतः करा

निवड सगळ्यात जास्त वेळा इथेच फसते, म्हणून इथे घाई नको. कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती वहनक्षमता. समजा, एका डबल कॅब (आसनांच्या दोन रांगा असलेल्या) पिकअपचं कमाल वजन ३,००० किलो आहे आणि रिकामं वजन २,०५० किलो. म्हणजे ९५० किलो हातात आले. पण हे ९५० किलो फक्त मालाचे नाहीत. पाच माणसं बसली, प्रत्येकी ७५ किलो धरले, की ३७५ गेले. हौद्यावरचं झाकण, लोखंडी बंपर, विंच आणि हत्यारांची पेटी मिळून २०० किलो सहज होतात. उरले ३७५. त्यात पाण्याचा २०० लिटरचा एक पिंप ठेवला की २०० किलो आणखी गेले, पिंपाचं वजन वेगळं.

आता हौदा पाहा. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सुमारे ४५ सेंटिमीटर खोल असा हौदा काठोकाठ भरला, तर साधारण एक घनमीटर माल मावतो. ओली वाळू एका घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे जागा आहे म्हणून हौदा भरला, तर गाडी क्षमतेच्या दुप्पट ओझं घेऊन निघाली! ब्रेक लांबतात, मागचे टायर तापतात, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगची पकड जाते आणि एखाद्या खड्ड्यात चासी वाकते. वाळू, खडी, सिमेंट, पाणी असा जड माल नेहमीचा असेल, तर हौद्याच्या आकाराकडे न पाहता किलोंकडेच पाहा.

ट्रेलर ओढायचा असेल तर हिशेब आणखी एक पायरी पुढे जातो. जाहिरातीत ३,५०० किलो ओढण्याची क्षमता लिहिलेली असते, पण ती ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी. शिवाय नीट भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर टेकतो. ट्रेलर २,००० किलोचा असेल तर २०० किलो हुकावर, आणि ते गाडीच्या वहनक्षमतेतून वजा करावे लागतात. गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल याचाही वेगळा आकडा कंपनी देते. तो मागून घ्या. विक्रेत्याला तोंडी सांगता आला नाही, तर माहितीपुस्तिकेत दाखवायला सांगा.

छतावर सामान बांधायची सवय असेल तर छताची मर्यादाही पाहा. ती अनेकांना वाटते त्याहून बरीच कमी असते, आणि वर चढवलेलं प्रत्येक किलो आडव्या उतारावर गाडी उलटण्याचा धोका वाढवतं.

पायरी ३: प्रकार ठरवा

माल घाण, ओला किंवा टोकदार असेल तर उघड्या हौद्याची पिकअप. हत्यारं महाग असतील आणि कुलपात ठेवायची असतील तर बंद गाडी. माणसं दोनच असतील तर सिंगल कॅब घ्या, हौदा लांब मिळतो आणि वहनक्षमताही बहुधा जास्त असते.

रोज जड ओझं आणि खडबडीत वाट असेल तर शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर बसवलेली गाडी टिकते. चासी आणि बॉडी एकसंध असलेल्या गाड्या हलक्या, आरामशीर आणि डांबरावर जास्त स्थिर असतात. हलका माल आणि खडीचा रस्ता एवढंच काम असेल तर त्या पुरतात, उगाच जड गाडी घेऊ नका. मागे पाटे असलेली गाडी रिकामी असताना उडते, हे गृहीत धरा. ओझं घातलं की तीच शांत चालते. वर्षातले बहुतेक दिवस गाडी रिकामीच फिरणार असेल तर मागे कॉइल स्प्रिंग असलेली पाहा.

काम सगळं शेताच्या, मळ्याच्या किंवा खाणीच्या हद्दीतच असेल, तर पिकअपऐवजी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायच्या, उघड्या) प्रकारच्या छोट्या गाडीचा विचार जरूर करा. कावासाकीची म्यूल १९८८ साली आली आणि असा वर्ग रुळला. या गाड्या अरुंद असतात, झाडांच्या ओळींतून जातात आणि मऊ जमिनीवर कमी रुततात. मात्र बऱ्याच देशांत त्या सार्वजनिक रस्त्यावर सरसकट चालवता येत नाहीत, म्हणून आधी नियम विचारा. त्यातल्या बहुतेकींचं गिअर बेल्टवर चालतं. हाय गिअरमध्ये सावकाश जड ओझं ओढलं की बेल्ट तापून झिजतो, त्यासाठी लो गिअर असतो. आणि डोक्यावरची पाइपची चौकट पट्टा बांधलेला असेल तरच जीव वाचवते.

पायरी ४: चार चाकांचं गणित समजून घ्या

मागे ‘४×४’ लिहिलं म्हणजे सगळं सारखं नसतं. गरजेपुरती जोडली जाणारी पद्धत कामाच्या गाड्यांत नेहमी दिसते. एरवी मागची चाकं ओढतात, गरज पडली की पुढची जोडायची. साधी, दणकट पद्धत आहे, पण कोरड्या डांबरावर ती जोडून वळणं घेऊ नयेत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, हा फरक पचवायला मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच, नसतो, आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. पावसात ओल्या-कोरड्या डांबरावर सतत चालायचं असेल, तर मधला डिफरन्शियल असलेली, कायम चारही चाकांवर चालणारी गाडी जास्त उपयोगाची.

लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी जादा गिअरची सोय, हवी का? ओझं घेऊन चढायचं-उतरायचं असेल, दगडांवरून जायचं असेल किंवा ट्रेलर मागे घेत जागेवर लावायचा असेल, तर हवीच. तिचा उपयोग एका हिशेबातून दिसतो. पहिला गिअर ४.०, लो रेंज २.५ आणि डिफरन्शियल ३.९ असेल, तर गुणाकार ३९ येतो. म्हणजे इंजिनाच्या ३९ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर ठेवलं, तर साधारण ७७ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर गाडी ताशी जेमतेम ३ किलोमीटरने सरकते. लो रेंज नसती तर हाच वेग साडेसातच्या आसपास असता. फरक लहान वाटतो, पण भरलेली गाडी घेऊन दगडी उतार उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता, इंजिनाच्या जोरावर ताशी ३ ने खाली येता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. क्लच जळत नाही, ब्रेक तापत नाहीत, चाक लॉक होऊन घसरत नाही.

डिफरन्शियल लॉकचं महत्त्व लोकांना रुतल्यावर कळतं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. तिरक्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक उचललं गेलं, तर चारचाकी जोडूनही गाडी जागेवर. मागच्या ॲक्सलला दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा लॉक असेल तर अशा ठिकाणची बहुतेक अडचण सुटते. ट्रॅक्शन कंट्रोल मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून थोडंफार तेच काम करतं. लॉक आणि मोठी टचस्क्रीन यांत निवड करायची वेळ आली तर लॉक घ्या, यात मला जराही शंका नाही.

पायरी ५: उंची, कोन आणि पाणी

जमिनीपासूनच्या उंचीइतकेच तीन कोन महत्त्वाचे: पुढचा, मागचा आणि पोटाखालचा. पुढचा कोन कमी असेल तर चढाच्या तोंडाशी बंपर टेकतो. गाडी लांब असेल तर बांध ओलांडताना पोट टेकतं, मग उंची कितीही असो. डबल कॅब लांब हौद्याच्या गाड्यांना हा त्रास हमखास होतो, आणि हुक बसवल्यावर मागचा कोन आणखी कमी होतो. सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एकच घट्ट नळी) असलेल्या गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा. सस्पेन्शन उंच केलं तरी तो तिथेच राहतो. त्याला फक्त मोठा टायर उचलतो, तोही व्यासात जेवढी वाढ झाली त्याच्या निम्माच.

पाण्यातून जाण्याची खोली कंपनी मिलिमीटरमध्ये देते. नवी लँड रोव्हर डिफेंडर एअर सस्पेन्शनसह ९०० मिलिमीटरपर्यंत जाते, बऱ्याच पिकअप त्याच्या अलीकडे थांबतात. हा आकडा संथ पाण्याचा असतो. वाहत्या पाण्यात त्यावर भिस्त ठेवू नका. इंजिन हवा कुठून खेचतं ते बॉनेट उघडून स्वतः बघा, कारण पाणी दाबलं जात नाही, आणि सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

पायरी ६: टायर

गाडीच्या किमतीच्या मानाने सगळ्यात जास्त फरक टायर पाडतात. बाजूला २६५/६५ आर १७ असं लिहिलेलं असतं: रुंदी २६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. त्यापुढचा आकडा ओझ्याचा. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो. कामाच्या गाडीत हा आकडा कमी करून टायर कधीही बदलू नये.

डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही असेल तर ऑल-टेरेन टायर घ्या. मड-टेरेन चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते, आवाज खूप करतात आणि लवकर झिजतात. रिम लहान आणि रबर उंच असेल तर दगडावर टायर वाचतो, म्हणून २० इंची चकचकीत रिमचा मोह टाळा. वाळूत हवा १८–२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. मात्र परत भरायला कंप्रेसर जवळ हवा, आणि हवा भरेपर्यंत वेग कमी ठेवायचा. स्टेपनी पूर्ण मापाचीच घ्या.

पायरी ७: इंजिन

इथे फार वेळ घालवू नका. कमाल अश्वशक्तीपेक्षा मिनिटाला १,५०० ते २,५०० फेऱ्यांदरम्यान टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती मिळतो ते पाहा, काम तिथेच होतं. मात्र नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ व्हायला इंजिन काही काळ सलग तापलेलं लागतं. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर तो तुंबतो. अशा कामाला पेट्रोल बरं, किंवा चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिक. मात्र इलेक्ट्रिक गाडीने ट्रेलर ओढायचा असेल तर एका चार्जमधलं अंतर बरंच घटतं, ते आधीच धरून चाला.

पायरी ८: चालवून आणि खाली वाकून पाहा

चाचणी रिकाम्या गाडीची घेऊ नका. शक्य असेल तर वाळूची पोती हौद्यात टाकूनच चालवा. लो रेंज स्वतः घाला आणि काढा. पुढची चाकं खरंच ओढतात का, ते मातीवर तपासा.

जुनी गाडी असेल तर मोकळ्या मैदानात, चारचाकी न जोडता, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. पुढून कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, बहुधा गेलेला आहे. मग गाडीखाली जा. चासीवर नवा काळा रंग दिसला तर त्याखाली गंज किंवा वेल्डिंग लपलंय का, ते टोचून बघा. डिफरन्शियलचा बोल्ट खोलून थोडं ऑइल बोटावर घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे आणि बेअरिंग खराब झालेलं असू शकतं. ऑइलमध्ये धातूचे तुकडे असतील तर सौदा तिथेच थांबवा.

शेवटी पुढे-मागे टोचन लावायची जागा पाहा. ती चासीला पक्की बोल्ट केलेली आणि ओढण्याच्या ताकदीची हवी. गाडी वाहून नेताना बांधायला दिलेल्या पातळ कड्या वेगळ्या. रुतलेली गाडी त्यांना धरून झटक्याने ओढली तर कडी तुटून गोळीसारखी सुटते. पक्की जागा नसेल, तर ती बसवून घेतल्याशिवाय गाडी चिखलात घालू नका.