टपाल रोज येतं. ते तुमच्या दारापर्यंत यावं म्हणून

बत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात टपाल वाटलं. निवृत्त झालो तरी गल्लीतली माणसं विचारतात, "काका, पोस्टमन आता रोज येतो का हो?" येतो. रविवार आणि टपालाच्या सुट्ट्या सोडल्या तर दिवसातून एकदा बटवडा होतो. तुमच्या नावाचं काही नसेल तर तो दारात थांबत नाही, एवढंच.

पत्र अडतं ते बहुतेक वेळा पत्त्यात. 'मु.' म्हणजे तुमची वाडी किंवा गाव, 'पो.' म्हणजे जिथून बटवडा होतो ते डाकघर. वाडीला डाकघर नसतानाही लोक सवयीनं 'मु. पो.' जोडून लिहितात. एका मुलीचं मुलाखतीचं पत्र असंच दुसऱ्याच वडगावला फिरून, मुलाखत उलटल्यावर माझ्या हाती आलं. तिच्या दारात माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून सांगतो, मु. आणि पो. वेगवेगळं लिहा, मग तालुका, जिल्हा, पिन. एकाच नावाची गावं ढीगभर, भाषा अनेक. म्हणून तर टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्याच्या 6 अंकांतले पहिले 3 छाटणीच्या, म्हणजे टपाल वेगळं लावण्याच्या, जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे 3 नेमक्या डाकघरापर्यंत. शेवटचा अंक चुकला की पत्र भलत्याच डाकघरात.

सही घेऊन द्यायचं टपाल हातातच द्यावं लागतं. 2025 पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्येच सामावलंय. घराला कुलूप असेल तर पोस्टमन चिठ्ठी ठेवतो आणि टपाल डाकघरात परत नेतो. ते तिथे साधारण 7 दिवस थांबतं, मग पाठवणाऱ्याकडे जातं. चिठ्ठी आणि ओळखपत्र घेऊन लगेच जा. म्हाताऱ्या माणसाला जमत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र देऊन घरच्याला पाठवा.

चौकशीला सकाळीच जा. तेव्हा पोस्टमन आपल्या बीटचं, म्हणजे वाटपाच्या भागाचं, टपाल घरांच्या क्रमानं लावत असतो. एकदा बाहेर पडला की दुपारपर्यंत सापडत नाही. खेड्यात ग्रामीण डाक सेवक काही तासच कामावर असतो, त्याची वेळ विचारून ठेवा.

घर बदललं तर जुन्या डाकघरात नवा पत्ता लेखी द्या. दारावर नाव लावा, भाडेकरूचंही. आणि पावसाआधी पेटीचं झाकण बघा. शाई पसरलेली पत्रं मी कितीदा तरी घरी वाळवून दुसऱ्या दिवशी दिली आहेत.