वन्यजीवांच्या आजारांवर काम करायचंय? मग फक्त जंतूच्या मागे लागू नका

मी या फील्डमध्ये आले तेव्हा वाटायचं की मेलेल्या प्राण्यात जंतू सापडला, नाव लिहिलं, काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं हे कळायला मला दोन सीझन लागले.

सायगा या हरणासारख्या प्राण्याचंच घ्या ना. २०१५ च्या मे महिन्यात कझाकस्तानात तीनेक आठवड्यांत २ लाखांहून जास्त सायगा मेले, कारण निघालं पाश्चुरेला नावाचा बॅक्टेरिया, पण तो तर धडधाकट सायगाच्या घशातही असतो! मग तेव्हाच का उसळला? हवामानाचे जुने रेकॉर्ड काढल्यावर दिसलं की आधीचे काही दिवस हवा नेहमीपेक्षा दमट आणि उबदार होती. टांझानियातल्या सेरेनगेटीतही तेच, १९९४ मध्ये डिस्टेंपर या व्हायरसच्या आजाराने साधारण एक तृतीयांश सिंह गेले, व्हायरस बहुधा वस्तीतल्या कुत्र्यांकडून आलेला, पण त्याआधी दुष्काळाने रानम्हशी खंगल्या, त्यांच्यावर गोचीड माजले आणि त्या खाऊन सिंहांना बबेसिया, म्हणजे गोचिडांतून पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीचा आजारही झाला, दोन्ही एकदम आल्यावर कोण टिकणार.

म्हणून मायक्रोबायोलॉजीसोबत स्टॅटिस्टिक्स आणि जीआयएस (डेटा नकाशावर मांडून तपासायचं तंत्र) शिकाच. आणि डेटाशीटमधला एकही कॉलम रिकामा सोडू नका. पहिल्या सीझनला मी बेडकांच्या कातडीवरच्या बुरशीसाठी स्वॅब व्यवस्थित घेतले पण पाण्याचं तापमान लिहायचा कंटाळा केला, नंतर कुठल्या डबक्यात बुरशी जास्त हे माहीत होतं, का ते सांगता येईना. अजून वाईट वाटतं.

बेडकांवर काम करणार असाल तर हात आधी बसवून घ्या. प्रत्येक बेडकाला ग्लोव्ह्जची नवी जोडी, मग पोट, मांड्यांची आतली बाजू आणि मागच्या पायांच्या बोटांमधला पडदा, सगळीकडून स्वॅब हळू फिरवायचा, बेडूक लगेच सोडायचा. दुसऱ्या डबक्याकडे जाण्याआधी बुटांचा चिखल ब्रशने पूर्ण काढायचा आणि मगच जंतुनाशक, कारण चिखलावर ते नीट चालत नाही. बेडकांच्या कातडीवर वाढणारी ही कायट्रिड बुरशी जगभर पसरली ती मुख्यतः माणसाने जिवंत बेडकांची ने-आण केल्यामुळे, २०१९ च्या एका अभ्यासानुसार तिच्यामुळे निदान ५०१ उभयचर प्रजाती घटल्यात आणि त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्यात. त्यात आपल्या बुटांची भर नको.

वटवाघळं किंवा मांसाहारी प्राणी हाताळणार असाल तर रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा, फील्डची तारीख ठरायची वाट बघू नका.