मतदान कार्ड खिशात आहे, पण यादीत नाव आहे का?

मतदानाला ओळखपत्राची सक्ती असावी का, हा वाद नागपुरात तापतो तो मतदान आठवड्यावर आल्यावर. कागद दुरुस्त करण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. सक्ती नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे: ज्याच्याकडे कागद कमी, तोच दारातून परत जातो. दुसऱ्याच्या नावावर मत टाकणारा पकडायचा तर चेहरा ताडून बघावाच लागतो, हेही खरं. इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून फोटो ओळखपत्र लागू झालं, तेव्हा वाद केंद्राच्या दारातल्या तपासणीवरच होता. आपल्याकडे टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ पासून, फोटोचं मतदार ओळखपत्र सुरू झालं आणि ते नसेल तर चालणारे पर्यायही बरेच आहेत. म्हणून इथे माणूस कार्डापेक्षा यादीपायी जास्त अडतो. मत देण्याचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो, कार्ड फक्त ओळख पटवतं.

तर सुरुवात यादीपासून करा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर कार्डावरचा दहा अक्षर-अंकी क्रमांक टाकून शोधा. नावावरून शोधलं तर ‘गजभिये’ यादीत ‘गजभिए’ असतं, ‘वानखेडे’चं ‘वानखडे’ झालेलं असतं, आणि नाव असूनही सापडत नाही. सापडलं की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर उतरवून ठेवा. नेट नसेल तर १९५० वर फोन करा.

घर बदललंय? महालातून मनीषनगरला गेलात तर विधानसभा मतदारसंघच बदलतो. बेसा तर महापालिकेच्या हद्दीतही नाही. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पुन्हा फॉर्म ६ भरणं. तो फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्यानं मनाई आहे आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्थलांतर, नावातली दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड, या सगळ्यासाठी फॉर्म ८. पत्त्यासाठी वीजबिल, पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. भाडेकरूच्या नावावर यातलं काहीच नसेल तरी अर्ज करा. बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा अधिकारी, घरी येऊन खात्री करू शकतो. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर अर्ज लटकतो, म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवा आणि पोचक्रमांक जपा.

अठरा वर्षं मोजायच्या तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादी गोठते, आणि तुमच्या अर्जाच्या पडताळणीला त्याआधी दिवस लागतातच.

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच, पण ती प्रभागांनुसार फोडलेली. त्यामुळे लोकसभेला ज्या शाळेत मत दिलं तीच खोली असेल असं गृहीत धरू नका.

मतदानाच्या दिवशी मतदार कार्ड न्या. नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटोची पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, यांपैकी एक पुरतं. मूळ कार्डच न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही, तरी दर निवडणुकीत लोक तेवढीच घेऊन रांगेत उभे राहतात. आधार ओळखीसाठी चालतं, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या याद्यांबाबत हाच फरक केला.

कार्डावर स्पेलिंगची किरकोळ चूक असेल आणि माणूस ओळखू येत असेल, तर त्यावरून परत पाठवता येत नाही. जुन्या मतदारसंघातलं कार्डही चालतं, नाव या केंद्राच्या यादीत असलं की झालं. फोटोच जुळत नसेल तर मात्र दुसरं ओळखपत्र लागेल. लग्नानंतर यादीत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, अशी स्थिती असेल तर यादीशी जुळणारं कार्ड बरोबर ठेवा. अनेक बहिणी यातच अडकतात.

नावापुढे ‘अनुपस्थित, स्थलांतरित, मृत’ यादीतली खूण दिसली तर घाबरून निघू नका. केंद्राध्यक्ष ओळखपत्र बारकाईनं तपासतात, सहीबरोबर अंगठाही घेतात आणि मत देऊ देतात. पोलिंग एजंटनं, म्हणजे केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीनं, तुमच्या ओळखीवर आक्षेप घेतला तर त्यालाच दोन रुपये अनामत भरावी लागते आणि आक्षेप सिद्ध करावा लागतो.

आणि आत गेल्यावर कळलं की तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, तर घरी परतू नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मतपत्रिका’ मागा. ते ओळखीचे प्रश्न विचारतील. समाधान झालं की नमुना १७ब वर सही घेऊन कागदी मतपत्रिका देतील. ती मतयंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात बंद होते आणि मोजणीत धरली जात नाही. पुढे निवडणुकीला कोर्टात आव्हान दिलं गेलं, तर तोच लिफाफा उघडायचा आदेश होऊ शकतो.