काचेवरच्या लिपिड मेंब्रेनचा एनएमआर कसा घ्यायचा

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे सिग्नल मोजायची पद्धत; इथे लिपिडचे, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या चरबीसारख्या रेणूंचे, थर काचेवर एका दिशेत सरळ लावून मोजायचे. पहिल्यांदाच करणार असाल तर डीएमपीसी (एक फॉस्फोलिपिड) हेच लिपिड घ्या, फॉस्फरस त्यात मुळातच असतो त्यामुळे फॉस्फरस-३१ च्या सिग्नलसाठी वेगळं लेबल लावायची कटकट नाही. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पातळ, स्वच्छ कव्हर स्लिपांवर थेंब थेंब पसरवायचं (फ्यूम हूडमध्येच हं) आणि मग रात्रभर व्हॅक्यूमखाली, कारण सॉल्व्हंट थोडं जरी राहिलं तरी थर बिघडतात.

खरा खेळ पाण्याचा आहे, ओलावा मिळाला की थर सरळ लागतात. पोटॅशियम सल्फेटचं सॅच्युरेटेड द्रावण बंद डब्यात ठेवलं की आतली आर्द्रता साधारण ९७ टक्के राहते, त्यात काचा ठेवा आणि डबा ३७ डिग्रीच्या आसपास, कारण २३-२४ च्या खाली डीएमपीसी जेल होतं (घट्ट गोठल्यासारखं), मग थर सरळ लागतच नाहीत. एक-दोन दिवस जाऊ द्या. नंतर काचांची चळत करून प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर प्रोटॉन डिकपलिंगच्या (हायड्रोजनचा परिणाम काढून टाकायला दिलेल्या रेडिओ लहरींच्या) गरमीने सॅम्पल प्रोबमध्येच, म्हणजे मशीनच्या सॅम्पल ठेवायच्या भागातच, सुकतं.

काच अशी बसवा की तिच्या पृष्ठभागाला काढलेला लंब चुंबकीय क्षेत्राला समांतर येईल. फॉस्फरसच्या सिग्नलमध्ये ३० पीपीएमजवळ (सिग्नलची जागा सांगायचं एकक) एकच टोकदार पीक दिसला की जमलं. उणे १५ कडे उंचवटा आला तर काही लिपिड वाकडंतिकडं बसलंय. खात्रीसाठी चळत ९० अंशात फिरवून बघा, मुख्य पीक उणे १५ कडे सरकायला पाहिजे. पेप्टाइड वगैरे टाकायचं ते यानंतरच.