कायझेनचं ट्रेनिंग सगळ्यांना एकच देऊ नका

कारखान्यात शॉपवर कायझेनचं (रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा करत राहायच्या जपानी पद्धतीचं) ट्रेनिंग ठेवलं की नवीन पोरं बावरतात, जुने ऑपरेटर जांभया देतात नि सुपरवायझर मोबाइल बघत बसतात, कारण पीपीटी सगळ्यांना तीच. मी आता असं करतो:

१. आदल्या दिवशी मशीनपाशीच प्रत्येकाला एकच प्रश्न, "मागच्या आठवड्यात काम कुठं अडकलं नि का?" काहीच न सांगणारे, अडचण सांगणारे, कारणासकट सांगणारे असे तीन गट आपोआप पडतात, लेखी टेस्टची गरजच नाही.

२. पहिल्या गटाला वर्गात बसवूच नका. एक टूल रॅक द्या, नको ते लाल टॅग लावून बाहेर काढा, उरलेल्याची जागा आखा म्हणावं. फाइव्ह एसमधले (कामाची जागा नीट ठेवायच्या पाच पायऱ्यांमधले) पहिले दोन एस हातालाच कळतात, सेइरी (नको ते काढणं) - सेइतोन (उरलेलं जागेवर लावणं) हे शब्द नंतर सांगितले तरी चालतं.

३. दुसऱ्यांना त्यांच्याच लाइनचा एक रिजेक्ट पीस देऊन पाच वेळा "का" विचारायला लावा. उत्तर "ऑपरेटरची चूक" वर थांबलं तर अजून विचारा, बरेचदा खाली फिक्श्चर (पीस पकडून ठेवणारं साधन) नाहीतर ड्रॉइंग निघतं.

४. तिसऱ्यांना स्टॉपवॉच. शिफ्टची ४५० मिनिटं, मागणी २२५ नग, म्हणजे टॅक्ट टाइम (मागणी पुरी करायला दर किती वेळाने एक नग निघायला हवा) २ मिनिटं, आता आपला सायकल टाइम (एका नगाला प्रत्यक्ष लागणारा वेळ) मोजून ताडा. (रेट वाढवायला मोजत नाही हे मात्र लाइनवर आधीच सांगा, नाहीतर सगळे मुद्दाम हळू चालवतात.)

फक्त गटांना ए-बी-सी ग्रेड देऊन यादी बोर्डावर लावू नका, वीस वर्षं लेथवर काढलेले काका "सी" मध्ये दिसले की ते परत तोंड उघडत नाहीत.