खाज, वास, पांढरं जाणं: आधी ओळखा, मग औषध घ्या

अंगावरून पांढरं जातंय म्हणजे इन्फेक्शनच, असं नसतं. थोडा स्राव रोज होतोच, पाळीच्या दिवसांप्रमाणे तो कधी पातळ कधी चिकट होतो, त्यामुळे आधी आपलं नेहमीचं कसं असतं ते बघून ठेवा.

बदल वाटला की रंग, वास आणि खाज बघायची. नासलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं, वास फारसा नाही पण खाज-आग मात्र जीव नकोसा करतेय, तर बहुतेक यीस्ट, म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास, तोही संबंधानंतर जास्त, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचं बिघडलेलं संतुलन. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो, तो संबंधातून पसरतो. हा झाला अंदाज, कधीकधी दोन इन्फेक्शन एकत्रही असतात, म्हणून पहिल्यांदाच होत असेल तर डॉक्टरकडून स्राव तपासून घ्या.

मैत्रिणीची उरलेली गोळी तर अजिबात नको, कारण यीस्टला क्लोट्रिमाझोल किंवा फ्लुकोनाझोल लागतं आणि बाकी दोघांना बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल, यीस्टचं औषध त्यांच्यावर चालत नाही आणि त्यांचं यीस्टवर. उलट मेट्रोनिडाझोलसारख्या अँटीबायोटिकनंतर यीस्ट वाढूही शकतं. कोर्स पूर्ण करा, दोन दिवसात बरं वाटलं तरी. ट्रायकोमोनास निघाला तर जोडीदाराचेही उपचार सोबतच, नाहीतर तो परत फिरून येतो. आणि क्लोट्रिमाझोलच्या क्रीमने कंडोम कमकुवत होऊ शकतो, हे कुणी सांगत नाही!

आता धुण्याबद्दल, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्ल तयार करतात, पीएच (आम्लतेचं माप) साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि त्यात वाईट जंतूंचं फारसं चालत नाही. आपण वास येतो म्हणून आत साबण, सुगंधी वॉश, पाण्याचा फवारा मारतो आणि नेमके तेच चांगले जंतू घालवून बसतो. फक्त बाहेरून साध्या पाण्याने धुवा, बस. सुती अंडरवेअर घाला, ओले कपडे लगेच बदला, शौचानंतर पुढून मागे पुसा.

ताप, ओटीपोटात दुखणं, पाळी नसताना रक्त, किंवा दिवस गेलेले असतील तर घरी प्रयोग करत बसू नका, लगेच दाखवा. गरोदरपणात फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून घ्यायची नाही. आणि यीस्ट वर्षात तीन-चारदा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या, कधीकधी डायबेटिस असाच कळतो.