भीड भिकेची बहीण: न्यू जर्सीतल्या एजंटांसाठी

२०१९च्या उन्हाळ्यात एका मराठी कुटुंबाला मी एडिसन, मेटुचन, पिस्कॅटवे धरून सत्तावीस घरं दाखवली. दर शनिवारी, पोरांचे क्लास नवऱ्याच्या गळ्यात घालून. मग एक दिवस कळलं, त्यांनी नव्या टाउनहाऊसच्या साइटवर जाऊन परस्पर बुकिंग केलं. वास्तुशांतीचं आमंत्रण मात्र आठवणीनं आलं. गेले, जेवले. कागद काहीच नव्हता, बोलणार कशाच्या जोरावर?

म्हणून १७ ऑगस्ट २०२४ला नवे नियम लागू झाले तेव्हा ऑफिसातले बाकीचे डोक्याला हात लावून बसले होते, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या देशव्यापी संघटनेनं कमिशनवरच्या खटल्यांत ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातून हे आलं. घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार हवा, त्यात फीचा नेमका आकडा हवा, आणि ही फी कायद्यानं ठरलेली नाही, बोलून ठरते, हेही लिहिलेलं हवं. एमएलएसवर, म्हणजे विक्रीच्या घरांच्या एजंटांच्या सामाईक यादीत, आपलं कमिशन आता दिसत नाही. न्यू जर्सीत राज्याचा कायदाही लेखी करार मागतोच.

आपल्या माणसांशी पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही, हा आपला खरा रोग. 'अगं, तू तर घरचीच' म्हटलं की आपण गप्प. आता मी म्हणते, 'काकू, नियमच आहे, सहीशिवाय कुलूप उघडता येत नाही.' भीड नियमावर ढकलायची.

पहिल्या भेटीतच सहा महिन्यांचा करार पुढे सरकवू नका. माणूस बिचकतो. मी सात दिवसांचा करते, तोही त्या शनिवारच्या तीन-चार घरांपुरता. पटलं तर पुढचा. आजवर बहुतेकांनी दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून विचारलंय.

आकडा सांगताना टक्क्यावर थांबू नका, डॉलर लिहून दाखवा. मी चहाच्या कपाशेजारी पाठकोरा कागद घेते: घर ६,००,०००, माझे अडीच टक्के, म्हणजे १५,०००. सेलरनं दोन टक्के दिले तर १२,००० तिकडून, ३,००० तुमच्याकडून. सेलरनं तीन देऊ केले तरी मी अडीचच घेणार, कारण करारापेक्षा जास्त कुणाकडूनही घेता येत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की समोरचा खुर्चीत जरा सैल बसतो. 'सेलर देईल ते' असं मोघम लिहायला बंदी आहे. आणि आपलं काम 'फुकट' आहे असं तर चुकूनही म्हणू नका, तेही नियमात बसत नाही.

ही रक्कम खिशातून द्यायची तर ती कर्जात घालता येत नाही, डाउन पेमेंटला कात्री लागते. तेव्हा घर दाखवायला नेण्याआधीच लिस्टिंग एजंटला, म्हणजे सेलरच्या एजंटला, फोन करा, सेलर किती द्यायला तयार आहे ते विचारा, आणि ऑफर लिहिताना ती मागणी त्यातच घाला. सेलर पैसे देऊ शकतो, त्याला कुणी मनाई केलेली नाही. अर्ध्या एजंटांनी हे खरेदीदाराला धड सांगितलेलंच नसतं.

ओपन हाऊसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं असतं तेव्हा, खरेदीदार आपला आपला गेला तर करार लागत नाही. तुम्ही सेलरच्या वतीनं दारात उभे असाल तर ओळख करून घ्या, पण तिथे सल्ला देत बसू नका.

'एवढे पैसे कशाचे?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. मी जुन्या कामातलं एक उदाहरण सांगते. १९५०च्या सुमाराचं घर, बेसमेंटच्या भिंतीतून तांब्याच्या दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या, कापून ठोकून बंद केलेल्या. खरेदीदार ग्रॅनाइट बघत होता, मी त्या नळ्या. अशा नळ्यांतून पूर्वी घर तापवायचं तेल यायचं. म्हटलं, तेलाची टाकी जमिनीत आहे का ते तपासून घेऊ. लॉनखाली टाकी निघाली. ती काढण्याचा खर्च सेलरनं उचलला, तेव्हा कुठे क्लोजिंग झालं. त्या नळ्यांचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. प्रश्न आला की तोच पुढे धरते.